गच्च भरलेली गोष्ट

नल्लकुंट्यात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव. त्या दोन उत्तरांत आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना कळायचं आणि जागा कालच कुणालातरी दिल्याचं एकदम आठवायचं. मी नुकतीच हैदराबादच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. वडील गेल्यावर आई परभणीकडचं गाव सोडून माझ्याजवळ आली होती. त्या उन्हाळ्यात आम्ही इतक्या जिन्यांवरून परत फिरलो की पुढे पुढे आई जिना चढेनाशीच झाली. खाली सावलीत उभी राहून म्हणायची, "तू इचारून ये. न्हाई म्हणले तर माझे गुडघे तरी वाचतील."

शेवटी ज्या घरात जागा मिळाली, तिथल्या मालकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या बनियनवर भाजल्याचे बारीक बारीक डाग होते आणि कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचलेला होता. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "सलग तीन तास एका जागी बसता येतं का?"

मी गोंधळले. "येतं."

"मधे उठायचं नाही. बोलायचं नाही. संपल्यावर बोलायचं."

"बरं."

"मग वरच्या दोन खोल्या घ्या. रविवारी सकाळी दहाला खाली या. आईंना पण आणा."

झालं, घर मिळालं. आईला वाटलं, माणूस देवभक्त असेल, पोथी लावत असेल.

पोथी नव्हती, पण पोथीइतक्याच निष्ठेने हे मालक, ज्यांना आम्ही पुढे काका म्हणू लागलो, दर रविवारी एक व्हिडिओ कॅसेट लावायचे. तरुणपणी त्यांच्या कारखान्याने त्यांना शिकायला काही महिने विलायतेला पाठवलं होतं. तिथल्या वसतिगृहात टीव्हीवर सहा भागांची एक विज्ञानकथा लागायची. ती त्यांच्या डोक्यात जी शिरली ती शिरलीच. पुढे तिथल्या एका मित्राने ती रेकॉर्ड करून पाठवली. काका स्वतः सरकारी कारखान्यात टीव्हीचे सेट तपासायच्या विभागात होते. सेट बनून आला की त्यात काय बिघडलंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांनी घरीसुद्धा थांबवलं नाही, इतकंच.

गोष्ट अशी होती. एक ग्रह बुडत चाललाय. समुद्र चढतोय. उरलेली माणसं एका प्रचंड जहाजात बसून आकाशात निघतात. एवढ्यावर भागलं असतं. पण लिहिणाऱ्याचं समाधान झालेलं नव्हतं. जहाजावर एक राणी, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक बाई. एक फितूर मंत्री, आणि त्याच्यावर पाळत ठेवणारा दुसरा फितूर. न्यायनिवाडा करणारं एक यंत्र, ज्याला पुढे वेड लागतं. साथीचा रोग. तळघरातल्या टाकीत एक राक्षसी मासा. तो रबराचा होता आणि त्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. चौथ्या भागात काळ उलटा फिरतो, आणि तो का फिरला हे पाचव्या भागात कुणाच्या लक्षातही राहत नाही. बॉम्ब तर होताच.

"बघा," काका म्हणायचे. "गोणीत मावतं तेवढंच भरावं. भरताना याचा हातच आवरला नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते पटवायला त्यांनी मला एकदा बेगम बाजारात नेलं होतं. तिथल्या एका किराण्याच्या ठोक दुकानापुढे उभं करून हमालाच्या पाठीवरची गोणी दाखवली. शिवण ताणलेली, एका कोपऱ्यातून तांदळाची बारीक धार लागलेली. "ही बघ. ही आपली गोष्ट. दुकानदाराला वाटतं जास्त भरलं. घरी पोचेपर्यंत निम्मं रस्त्यात." दुकानदाराने ते ऐकलं आणि आम्हाला दोघांनाही बाजूला व्हायला सांगितलं. लग्नाच्या पंगतीत पानात सतरा पदार्थ आले की काका हेच म्हणायचे. पुढाऱ्याचं भाषण लांबलं की हेच. अक्कांनी सांबारात शेवग्याबरोबर भोपळाही टाकला तरी हेच.

अक्का म्हणजे त्यांची बायको. बिदरकडच्या. बोलणं मराठी, पण मधेच कानडी हेल यायचा, रागावल्या तर तेलुगू. त्यांना मूलबाळ नव्हतं. रविवारी तिसरा भाग संपला की त्या चहा घेऊन यायच्या आणि सगळ्यांना कप देऊन परत आत जायच्या. त्यांना कुणी तिथे बसलेलं पाहिलं नाही.

असं असूनही काका ती गोष्ट सोडत नव्हते, कारण तिच्यात एक जागा होती. पहिल्याच भागात. जहाजाचं दार बंद करायचं काम एका माणसाकडे असतं. बाहेरून लोक अजून धावत येतायत. तो दांडा धरून उभा राहतो. संगीत नाही, बोलणं नाही. फक्त त्याचा चेहरा, आणि बाहेरच्या पावलांचा आवाज. बराच वेळ. मग तो दांडा ओढतो.

ही जागा आली की काका खुर्चीत पुढे सरकायचे. दर वेळी. मी त्यांच्याकडे बघायचे तेव्हा त्यांचा स्वतःचा हात मुठीसारखा वळलेला असायचा. "इथं ना देखावा, ना मासा," ते नंतर म्हणायचे. "एक दार, एक माणूस. एवढं जमलं होतं त्याला! मग पुढं काइकू भरत बसला?"

शेवटी प्रत्येकाने गोष्टीतला एक गुण आणि एक दोष सांगायचा, असा नियम होता. नुसतं 'छान आहे' म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी बोलावणं नसे. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पहिल्या रविवारी तिची पाळी आली तेव्हा मी घाबरले. आई पदर सारखा करून म्हणाली, "दार लावणारा रडला न्हाई, ते बरं केलं. आन त्यो मासा कशाला व्हता?"

काका ताडकन उठले. "ऐका! भाषा न कळता सांगितलं यांनी!" त्या दिवसापासून आईची जागा पुढच्या रांगेत पक्की झाली.

त्यांच्याशी वाद घालणारा एकच माणूस होता, सत्तारभाई. कारखान्यात दोघं एकाच टेबलावर काम करायचे. सत्तारभाई ठेंगणे, हसरे. मोठ्या तपकिरी डब्यातून बिस्किटं आणायचे आणि काकांना उस्ताद म्हणायचे. काका म्हणायचे, जास्तीचं कापलं तर ही गोष्ट एका तासात बसेल; सत्तारभाईंच्या मते तिच्यात काहीच जास्त नव्हतं. "क्या काटते उस्ताद? मेरे घर में आके देखो. तीन बेटियां, अम्मा बीमार, साला जेल में, ऊपर से छत टपकती. सब एकीच टाइम पे. जिंदगी में भी इत्ताच भीड़ रहता."

"जिंदगी में बी गलतीच है वो," काका म्हणायचे.

"तो जिंदगी को बी काटो फिर."

आणि दोघं हसायचे. आम्हीही हसायचो. त्या काळात रविवारी खालच्या खोलीत बसायला जागा नसायची. शेजारपाजारचे, कारखान्याचे, कुणाचे पाहुणे. माशाची चेन आली की सगळी खोली एकदम ओरडायची.

मग हळूहळू सगळं पातळ होत गेलं. गल्लीत केबल आली. खांबाखांबावरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि रविवारी सकाळी घराघरांतून वेगवेगळे आवाज यायला लागले. दिलसुखनगरच्या दुकानांत बाहेरच्या कंपन्यांचे रंगीत सेट काचेआड एकावर एक लावून ठेवलेले असायचे आणि रस्त्यावर उभे राहून लोक क्रिकेट बघायचे. काकांच्या कारखान्यातले सेट गोदामात साठत होते. एक दिवस तिथे स्वेच्छानिवृत्तीची सूचना लागली.

पुढचं मला सत्तारभाईंनी सांगितलं, आमच्या जिन्यावर बसून. कामगारांची सभा होती. कारखाना वाचवायला लढायचं असं बहुतेकांचं मत होतं. काकांना बोलायला सांगितलं, कारण तपासणी विभागातला सगळ्यात जुना माणूस. काका उभे राहिले आणि म्हणाले, "खोटं कशाला बोलू? आपला सेट आणि बाहेरचा सेट शेजारी ठेवला तर आपला मीच नापास करीन." एवढं बोलून खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्तीवर सही केली. त्यांनी केली म्हणून मग बाकीच्यांनी केली. युनियनच्या पुढाऱ्यांना धरायला काही राहिलं नाही. कारखाना वाचलाच असता असं नाही. सत्तारभाईही तसं म्हणत नव्हते. पण बोलताना त्यांचा आवाज फाटत होता.

तेवढ्यात काका बाहेर आले. सत्तारभाई उठून उभे राहिले. "गलती निकालते निकालते तुम पूरी फॅक्टरी काट दिए, उस्ताद."

"मी खरं बोललो."

"हौ. सच बोले. मेरी बेटियों का सोच के बोले क्या?"

 सत्तारभाई गेले ते परत आले नाहीत. पुढचा रविवार आला तेव्हा खाली काका, आई आणि मी, एवढेच होतो. काकांनी कॅसेट लावली. दाराची जागा आली. ते पुढे सरकले नाहीत.

अक्कांचे पाय सुजतात हे आईने पाहिलं होतं. चप्पल पायात शिरेना म्हणून त्या अनवाणी फिरत होत्या. आईने मला सांगितलं, मी अक्कांना आमच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. डॉक्टरांनी काकांना विचारलं, सूज कधीपासून आहे? भूक कधीपासून कमी झाली? पूर्वी काही आजार? बाळंतपणात काही झालं होतं का? काका एकेका प्रश्नाला अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. अक्का सांगत होत्या. एक मूल पोटातच गेलं होतं, तेव्हापासून रक्तदाब होता, हे त्या सांगत असताना काकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. ते त्यांनाही नवीन होतं. मूल गेलं तेवढं ठाऊक होतं. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं.

मला तोवर त्यांचं फार मोठेपण वाटायचं, की या माणसाने आमचं आडनाव विचारलं नाही. त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलापाशी उभं असताना कळलं, ते कुणालाच काही विचारत नसत. आम्हाला घर मिळालं तेही त्यामुळेच आणि अक्कांचे पाय सुजले तेही त्यांच्या डोळ्यांसमोरच.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अक्का यंत्राला जोडलेल्या, काका स्टुलावर. माझी पाळी त्याच मजल्यावर असली की मी डोकावायचे. पहिले काही दिवस दोघं गप्प बसायचे. इतकी वर्षं एका घरात काढलेली माणसं, पण समोरासमोर इतका वेळ बसायची सवय नव्हती. मग एक दिवस अक्काच म्हणाल्या, "ती तुमची गोष्ट सांगा की. एवढे चहा केले. आत भांड्यांच्या आवाजात काही कळायचं नाही."

काका खुलले. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "आता, यात मुख्य दोष असा आहे..."

"दोष मागून. आधी काय झालं ते."

त्यांना ते जमेना. इतकी वर्षं ते गोष्टीविषयी बोलत होते, गोष्ट सांगितली नव्हती कुणालाच. दोन वाक्यं झाली की ते म्हणायचे, "आता हा मंत्री बिनकामाचा, तो आपण सोडू." अक्का डोळे मिटूनच म्हणायच्या, "सोडू नका. आला आहे तर येऊ द्या. मला कुठं जायचंय?"

मग काकांनी सोडणं थांबवलं. राणी आली, तोतया राणी आली, दोन्ही फितूर आले. वेडं यंत्र कसं बोलायचं ते काकांनी आवाज काढून दाखवलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा हसायला लागला. माशाला तर त्यांनी इतका भयंकर केला की मराठी अर्धंमुर्धं कळणाऱ्या एक तेलुगू आजीबाई मला विचारायला लागल्या, हे कुठल्या समुद्रात झालं? गोष्ट पुढे सरकायचीच नाही. अक्का मधे मधे विचारायच्या. राणीला आई होती का? त्या जहाजावर ऊन कसं पडायचं? रोग्यांना वेगळं ठेवलं तर त्यांच्याजवळ कोण बसलं? काका अडखळायचे आणि मग काहीतरी जोडून द्यायचे. जो माणूस तीन तासांची गोष्ट एका तासात बसवायला निघाला होता, तो आता तीच गोष्ट आठवडेच्या आठवडे पुरवत होता. मी त्यांना एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं. अक्कांनासुद्धा.

तिसऱ्या भागात एक स्वयंपाकीण येते. जहाजावर लपून आलेल्या एका मुलीला ती पिठाच्या कोठीत दडवते. छोटी जागा आहे. काकांनी ती सांगितली आणि चौथ्या भागाकडे वळले.

अक्का म्हणाल्या, "त्या स्वयंपाकिणीचं काय झालं?"

"ती मग दिसत नाही."

"मेली?"

"नाही. म्हणजे, काही दाखवलंच नाही."

"कुणी चौकशी पण केली नाही तिची?"

"नाही."

अक्कांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढ्या माणसांना मग जेवायला कोण घालत होतं?"

काका स्टुलावरून उठले. ते मला बाहेरच्या व्हरांड्यात भेटले तेव्हा भिंतीला टेकून उभे होते. "एवढा मोठा दोष," ते म्हणाले. "एवढी वर्षं मी मासाच बघत बसलो."

घरी जाऊन त्यांनी कॅसेट लावली आणि पुढे-मागे करत ती बाई शोधली. पुढच्या खेपेला ते धापा टाकत आले. "आहे! पाचव्या भागात आहे. मंत्री जेवत असतो ना, तेव्हा बाजूने एक हात येतो आणि वाटी ठेवतो. तिचाच हात. बाहीवर पीठ आहे!"

अक्का हसल्या. "म्हणजे जिवंत होती," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवलं नाही, पण होती."

त्याच आठवड्यात डायलिसिसचं यंत्र बंद पडलं. आमच्या विभागात दोनच होती. एक आधीपासून आजारी होतं, हे दुसरं. एक भाग जळला होता आणि तो बाहेरच्या देशातून यायचा होता. त्या शहरात तेव्हा हवं ते परदेशी मिळत होतं, साबण, चॉकलेट, घड्याळं, टीव्ही. तो तळहाताएवढा भाग मिळत नव्हता. खासगी दवाखान्यात अक्कांना नेलं, पण तिथेही आमच्या सगळ्या रोग्यांची गर्दी झाली होती. एकदा पाळी मिळाली, मग मिळेना.

काका रोज त्या बंद यंत्रापाशी येऊन उभे राहायचे. शेवटी तिथला तंत्रज्ञच कंटाळून म्हणाला, "आप देखो साब. मेरे से तो हुआ नहीं." काकांनी मागचं झाकण उघडलं. चष्मा कपाळावर चढवून ते यंत्रात वाकले आणि खूप वेळ तसेच राहिले. मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे गेलंय."

"हेच गेलंय हे आम्हालाही माहीत आहे," तंत्रज्ञ हळूच म्हणाला.

काका तडक सत्तारभाईंच्या घरी गेले. काय बोलले, मला माहीत नाही. दोघं कोठी बाजाराच्या त्या गल्लीत गेले जिथे जुनी यंत्रं मोडून त्यांचे भाग विकतात. दुकानामागून दुकान केलं. संध्याकाळी दोघंही धुळीने माखून दवाखान्यात आले. सत्तारभाईंच्या रुमालात एक भाग बांधलेला होता, नेमका तो नव्हे, त्याच्यासारखा. दोघांनी मिळून तो बसवला. जुन्या टेबलावर बसल्यासारखे, एकाने प्रकाश धरायचा, एकाने सोल्डरिंगचा डाग द्यायचा. बटण दाबलं. दिवे लागले. वॉर्डातून कुणीतरी टाळी वाजवली. आणि मग यंत्राने धोक्याची शिट्टी वाजवली, बंद केली तरी परत वाजवली.

डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "याला मी माणूस जोडू शकत नाही."

सत्तारभाई हात जोडून काही बोलायला लागले. काकांनी त्यांचा दंड धरला. "डॉक्टर बरोबर बोलतायत, सत्तार. मीसुद्धा हे नापासच करीन." असं म्हणून ते जमिनीवर बसले. सत्तारभाई त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला, आणि नंतर बराच वेळ तो काढला नाही.

अक्का त्यानंतर लवकरच गेल्या. शेवटी त्यांना श्वास पुरत नव्हता आणि शुद्धही राहिली नव्हती. सहावा भाग सांगायचा राहून गेला. यंत्राचा तो भाग आला तो त्या गेल्यावर, मोठ्या खोक्यात, भुशात घालून. यंत्र सुरू झालं. दुसरे रोगी जोडले गेले. मीच जोडले.

पुढे वर्षभरात काकांनी ते घर बांधकाम करणाऱ्याला दिलं आणि ते बिदरला अक्कांच्या भावाकडे जाऊन राहिले. आम्ही विद्यानगरला दुसरी जागा पाहिली. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. पण घर सोडण्याआधीचे काही महिने ते रोज दुपारी आमच्याकडे वर यायचे. येताना स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. आई कामात असायची. ते विचारायचे, "ती तुमच्याशी काय बोलायची?"

आई सांगायची. अक्का दुपारी मिश्री लावायच्या, हे काकांना माहीत नव्हतं. अक्कांना एकदा कारखाना आतून बघायचा होता, त्यांनी साडीही काढून ठेवली होती, पण काका म्हणाले होते की तिथे धूळ असते. हे काकांना आठवत होतं. साडीचं माहीत नव्हतं.  ते ऐकून घ्यायचे आणि खुर्ची उचलून खाली जायचे.

एक दिवस त्यांनी एकदम विचारलं, "तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

आई परात पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. "म्हणले न्हाई कधी," ती म्हणाली. मग तिने गाव सांगितलं. गावाबाहेरची आमची वस्ती सांगितली, दुष्काळात फोडलेली खडी सांगितली, माझ्या शाळेसाठी वडिलांनी केलेली वणवण सांगितली. काका ऐकत होते. ते ऐकतायत हे बघून आई बहुधा थोडी पुढे गेली. ती म्हणाली, "सुरवातीला मी सांजच्याला मागल्या दारी जायची, तवा अक्का मला चहा द्यायची त्यो येगळ्या कपात."

मी दाराशी उभी होते. मलाही हे माहीत नव्हतं.

"वेगळ्या म्हणजे?" काकांनी विचारलं.

"कान तुटलेला कप व्हता. पिऊन झाला की मी धुवायचा आन खिडकीच्या भायेर कठड्यावर ठेवायचा. आत न्यायचा न्हाई."

"माझ्या घरात?"

"तुमच्याच."

"मी कुठे होतो?"

"तुम्ही खालीच व्हता. पुढच्या खोलीत."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मग?"

"मग एकदा वाऱ्यानं त्यो कप पडला आन फुटला. दुसऱ्या दिशी अक्कानं तिच्या रोजच्यातला दिला. काही बोलली न्हाई. मी बी न्हाई बोलले. नंतर तर एकाच ताटात खाल्लं आम्ही, तुम्ही कामाला गेल्यावर."

"मला हे कुणी सांगितलं असतं तर..."

"तर काय केलं असतं?"

काकांनी खरंच विचार केला. खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं. "तिला रागावलो असतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"आन मग ती माझ्याशी कधीच बोलली नसती," आई म्हणाली. "बरं झालं, तुम्हाला ठाऊक नव्हतं. तिचं तिनंच केलं."

काका उठून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. खुर्चीवरून खाली उतरले, फरशीवर मांडी घातली, आणि आईच्या परातीतल्या मूठभर शेंगा स्वतःकडे ओढून सोलायला लागले. त्यांना ते येत नव्हतं. शेंग दाबली की दाणे सटकून खोलीभर उडायचे, कपाटाखाली जायचे, माझ्या पायाशी यायचे. आईने त्यांना थांबवलं नाही.